वजन, धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग: आरोग्यविषयक मजकुराच्या लेखक-संपादकांना खुले पत्र

आरोग्यविषयक बातम्या, सदरे आणि माहितीपत्रके तयार करणाऱ्या सर्व लेखक-संपादकांस,

सविनय नमस्कार.

वाढलेल्या वजनामुळे अनेक कर्करोगांचा धोका वाढतो, पण फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र उलट घडते आणि जाड माणसे त्यापासून काहीशी सुरक्षित राहतात, अशा आशयाचा मजकूर अधूनमधून प्रसिद्ध होत असतो. कधी तो नव्या संशोधनाची बातमी म्हणून येतो, कधी वैद्यकातले कोडे म्हणून, तर कधी वजनाविषयीच्या एखाद्या लेखात जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याच्या रूपात. या मजकुरातले आकडे बहुधा कोणी बनवलेले नसतात. ते खऱ्या, पुष्कळदा नामांकित नियतकालिकांत आलेल्या अभ्यासांतून घेतलेले असतात, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. आकडा खोटा असता तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापून विषय मिटला असता. येथे आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि वाचकाच्या लक्षात राहतो तो अर्थच.

आधी निर्विवाद भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन १३ प्रकारच्या कर्करोगांची यादी जाहीर केली, ज्यांचा धोका शरीरातील अतिरिक्त चरबी टाळल्यास कमी होतो असे मानण्यास पुरेसा आधार आहे. मोठे आतडे आणि गुदाशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशय, अंडाशय, रजोनिवृत्तीनंतरचा स्तनांचा कर्करोग ही त्यातली काही नावे. फुफ्फुस या यादीत नाही. मात्र यादीत नसणे म्हणजे वजन वाढल्याने संरक्षण मिळते असे होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की चरबीमुळे हा कर्करोग होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्या समितीला मिळाला नाही. हा फरक अगदी साधा आहे, तरी मथळ्यात तो टिकत नाही.

बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांची सांगड घालणारे मोठे अभ्यास पाहिले तर बहुतेकांत एकच चित्र दिसते: बीएमआय जसजसा वाढतो तसतसे या कर्करोगाचे प्रमाण कमी होत जाते. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील अभ्यास यातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्यात ५२ लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २२ प्रकारच्या कर्करोगांशी बीएमआयचा संबंध पाहिला होता. त्यातही फुफ्फुसाच्या बाबतीत हाच उलटा संबंध दिसला. बातमी सहसा येथे संपते, अभ्यास मात्र येथे संपला नव्हता. त्याच संशोधकांनी आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांचा गट वेगळा काढला, तेव्हा हा संबंध नाहीसा झाला. बीएमआय पाच एककांनी वाढल्यावर धोका किती पटींनी बदलतो, याचे उत्तर त्या गटात ०.९९ आले, आणि त्याची सांख्यिकीय मर्यादा ०.९३ ते १.०५ होती. १ म्हणजे धोका जसाच्या तसा, आणि १ या मर्यादेच्या आतच येतो, म्हणजे फरक नाही. एकूण आकडेवारीतला उलटा संबंध सध्या धूम्रपान करणाऱ्यांमुळे आणि पूर्वी करणाऱ्यांमुळे निर्माण झाला होता, आणि त्यामागे बहुधा धूम्रपानाच्या प्रमाणातला नीट न मोजला गेलेला फरक असावा, असे संशोधकांनी निबंधाच्या सारांशातच लिहून ठेवले आहे. सारांश वाचण्यापुरता वेळ प्रत्येक संपादकाकडे असतो असे मी धरून चालतो.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. निकोटीनमुळे भूक मंदावते आणि शरीराचा ऊर्जाव्यय काहीसा वाढतो. त्यामुळे सरासरीने पाहता धूम्रपान करणारी माणसे न करणाऱ्यांपेक्षा काही किलो हलकी असतात. दुसरीकडे, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत धूम्रपान हे इतके प्रबळ कारण आहे की सिगारेट ओढणाऱ्याला हा रोग होण्याची शक्यता न ओढणाऱ्याच्या १५ ते ३० पट असते. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात एवढे मोठे गुणोत्तर फार थोड्या ठिकाणी आढळते. जो घटक वजन कमी करतो तोच घटक रोगाचा धोका अनेक पटींनी वाढवत असेल, तर कमी वजन आणि रोग हे दोन्ही एकाच माणसात एकत्र सापडणारच, आणि त्यासाठी वजनाने स्वतः काहीही करण्याची गरज नाही.

हे एका कल्पित हिशेबाने पाहता येईल. यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही अभ्यासातले नाहीत. समजा, १००० सडपातळ आणि १००० स्थूल माणसे आहेत. सडपातळांपैकी ४०० जण धूम्रपान करतात, स्थूलांपैकी २००. धूम्रपान करणाऱ्यांपैकी दर शंभरात १० जणांना आणि न करणाऱ्यांपैकी दर हजारात ५ जणांना पुढे हा रोग होतो, आणि वजनाचा त्याच्याशी मुळीच संबंध नाही, असेही गृहीत धरू. मग सडपातळांच्या गटात धूम्रपान करणारे ४० आणि न करणारे ३ असे ४३ रुग्ण निघतील. स्थूलांच्या गटात २० आणि ४ मिळून २४. गट केवळ वजनावरून पाडले, तर स्थूल माणसांना फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आहे, असे अगदी अचूक गणिताने सिद्ध होईल. बातमीचा मथळाही तयार होईल. आणि ज्या हिशेबातून तो निघाला त्यात वजनाला आपण सुरुवातीलाच शून्य महत्त्व दिले होते.

यावर जाणकार वाचक विचारेल की संशोधकांना हे ठाऊक नसते काय, आणि ते धूम्रपानाचा परिणाम आकडेवारीतून वगळत नाहीत काय. वगळतात, निदान तसा प्रयत्न करतात. पण तो परिणाम पुरता वगळला गेला की नाही हे त्यांनी धूम्रपान किती बारकाईने मोजले यावर अवलंबून असते, आणि सगळी अडचण तेथेच आहे. अनेक अभ्यासांत माणसाची नोंद ‘करतो’, ‘पूर्वी करत असे’ आणि ‘कधीच केले नाही’ अशा तीनच खान्यांत होते. दिवसाला दोन सिगारेट ओढणारा आणि तीस ओढणारा हे दोघे मग एकाच खान्यात जातात. रोजच्या संख्येसोबत वर्षांचीही नोंद घेतली, तरी सवय कोणत्या वयात लागली, मधल्या काळात किती वर्षे सुटली होती, धूर किती खोल घेतला जातो, इतरांच्या धुराचा त्रास किती, हे निसटतेच. शिवाय ही सारी माहिती माणसाने स्वतः सांगितलेली असते, आणि या विषयात लोक कमी सांगतात. एखादे कारण दुबळे असते तेव्हा त्याच्या मोजमापातली थोडी कसर फारसे नुकसान करत नाही. कारण वीस-पंचवीस पटींचे असेल, तर मात्र मोजमापात राहिलेली थोडीशी कसरही दुसऱ्या कोणत्या तरी घटकाच्या नावावर १५-२० टक्क्यांचा परिणाम सहज चढवू शकते. बीएमआय आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्यातला उलटा संबंध याच जातीचा आहे. तो इतका मोठा नाही की त्याचे असे स्पष्टीकरण देता येऊ नये.

दुसरे कारण काळाचे आहे. कर्करोग आधी आणि वजन नंतर, असा उलटा क्रम येथे वारंवार असू शकतो. फुफ्फुसातील गाठ लक्षणे दाखवण्याआधी बराच काळ वाढत असते, आणि या काळात रुग्णाचे वजन त्याच्या नकळत उतरू लागलेले असू शकते. शरीरात दाह वाढवणारी द्रव्ये पसरणे, भूक मरणे आणि स्नायूंचा ऱ्हास होणे या प्रक्रियेला वैद्यकात कॅकेक्सिया म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोग हा ती विशेषकरून घडवणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. अशा माणसाचे वजन अभ्यासाच्या सुरुवातीला मोजले आणि दोन वर्षांनी त्याचे निदान झाले, तर कागदावर ‘आधी कमी वजन, नंतर कर्करोग’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात रोग आधीपासून होता. मुख्यतः धूम्रपानामुळे होणाऱ्या सीओपीडी या श्वसनविकाराचेही असेच आहे. त्यात अनेकांचे वजन घटते, आणि तो असणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणून चांगल्या अभ्यासांत नोंदणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत निदान झालेले रुग्ण बाजूला ठेवून हिशेब पुन्हा केला जातो. अभ्यासाची बातमी देताना तो केला होता का, आणि केल्यावर आकडा किती बदलला, एवढे पाहिले तरी निम्मे काम होईल.

तिसरी गोष्ट मोजपट्टीची. ॲडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने १८३०च्या दशकात लोकसमूहातील वजन आणि उंची यांचे नाते मांडताना जे सूत्र वापरले, त्यालाच अमेरिकेतील अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली बीएमआय हे नाव दिले. मोठ्या समूहांची तुलना करण्यासाठी ते सोयीचे आहे, यात वाद नाही. पण चरबी आणि स्नायू यांत ते भेद करत नाही, आणि चरबी शरीरात कोठे साठली आहे हे तर त्याला मुळीच कळत नाही. धूम्रपानाच्या संदर्भात ही उणीव विशेष महत्त्वाची ठरते, कारण धूम्रपान करणाऱ्यांचे एकूण वजन कमी असले तरी तेवढ्याच वजनाच्या इतरांपेक्षा त्यांच्या पोटाभोवती चरबी साठण्याचा कल अधिक असतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी शरीरयष्टी बीएमआयच्या तक्त्यात ‘योग्य वजन’ म्हणून निघून जाते.

२०१८ साली अमेरिका, युरोप आणि आशिया येथील १२ दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १६ लाख लोक आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. बीएमआयशी नेहमीचाच उलटा संबंध त्यातही दिसला. पण त्याच माणसांच्या कंबरेचा घेर आणि कंबर-नितंब गुणोत्तर पाहिल्यावर दिशा बदलली: घेर जसा वाढला तसा धोकाही वाढला. बीएमआय २५च्या आत पण कंबर-नितंब गुणोत्तर जास्त, अशा लोकांचा धोका बीएमआय २५ किंवा अधिक पण गुणोत्तर मर्यादेत असलेल्यांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक निघाला. एकाच समूहाला एका मापाने मोजले तर चरबी संरक्षक दिसते आणि दुसऱ्या मापाने मोजले तर घातक, हे ज्या क्षणी ध्यानात येते त्या क्षणी ‘जाड माणसे सुरक्षित’ हे विधान मागे घ्यायला हवे. या विश्लेषणाची दखल पहिल्या प्रकारच्या बातम्यांच्या मानाने फारच थोडी घेतली गेली. कदाचित त्यात गंमत वाटण्यासारखे काही नव्हते.

चौथा पुरावा अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचा आहे आणि तो थोडा सावधपणे वाचावा लागतो. मेंडेलियन रँडमायझेशन या पद्धतीत माणसाचे आजचे वजन न पाहता, जन्मतःच मिळालेली आणि वजन वाढण्याकडे कल निर्माण करणारी जनुकीय रूपे पाहिली जातात. पुढे होणारा रोग ही जनुके बदलू शकत नाही, त्यामुळे ‘रोगामुळे वजन घटले’ ही शंका येथे उरत नाही. जास्त वजन खरोखरच संरक्षक असते, तर अशी जनुके असणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसायला हवा होता. तसे आढळले नाही. उलट स्क्वॅमस आणि स्मॉल सेल या दोन प्रकारांचा धोका काहीसा वाढलेला दिसला. हे दोन्ही प्रकार धूम्रपानाशी सर्वांत घट्ट जोडलेले आहेत, ही बाब बोलकी आहे. ब्रिटनमधील यूके बायोबँक या आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या संग्रहावर आधारलेल्या आणि २०१८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले की वजन वाढवणारी जनुकीय रूपे असलेली माणसे धूम्रपानाकडे वळण्याची आणि दिवसाला अधिक सिगारेट ओढण्याची शक्यताही अधिक असते. म्हणजे सिगारेट वजन उतरवते, आणि वजनाकडे असलेला कल सिगारेटकडे ढकलतो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी धूम्रपान सुरू करणारी माणसे कोणत्याही समाजात आढळतात, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पण या दुहेरी दोरीचा एकच धागा ओढून बातमी करणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळावे.

आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नये, अशी विनंती आहे. ‘लठ्ठपणामुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो’ असा मथळाही उपलब्ध पुराव्यावर टिकणार नाही. पोटातील चरबीमुळे वाढणारा दाह आणि इन्सुलिनची बदललेली पातळी यांच्यामार्फत तसे घडू शकेल, हे तर्काला धरून आहे. परंतु तर्काला धरून असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे, आणि कंबरेच्या घेराशी दिसणाऱ्या संबंधातही धूम्रपानाचा काही वाटा मिसळलेला असू शकतो, ही शंका तेथेही लागू होते. एका बाजूच्या पुराव्याला लावलेली कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. ज्याने कधीच धूम्रपान केले नाही त्याच्यासाठी आजचे प्रामाणिक उत्तर असे आहे की त्याच्या बीएमआयचा त्याच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाशी ठळक संबंध दिसत नाही. या रोगाच्या जगभरातील रुग्णांपैकी १० ते २५ टक्के कधीही धूम्रपान न केलेले असतात. त्यांच्याविषयी लिहायचे असेल तर इतरांचा धूर, जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉस, कोळशाच्या चुलीचा धूर आणि २०१३ साली मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून वर्गीकृत झालेले हवेचे प्रदूषण यांविषयी लिहावे. त्यांचे वजन हा दुय्यम विषय आहे.

येथे एका खोचक प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण तो मला प्रत्यक्ष विचारला गेला आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वर्तवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही गणिती प्रारूपांत बीएमआयचा समावेश असतो आणि तेथे कमी बीएमआय असलेल्याला अधिक धोका दाखवला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेले आणि पीएलसीओएम-२०१२ या नावाने ओळखले जाणारे प्रारूप हे त्याचे उदाहरण. मग वैद्यकच हा संबंध मान्य करत नाही का? करते, पण वेगळ्या कामासाठी. धूम्रपान केलेल्या लोकांपैकी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने कोणाची तपासणी करावी, हे ठरवण्यासाठी ही प्रारूपे आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा तपासणीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले होते, त्यामुळे योग्य माणसे निवडणे महत्त्वाचे आहे. या निवडीसाठी खूण पुरते, ती कारण असण्याची गरज नसते. पिकलेल्या केसांवरून वयाचा अंदाज बांधता येतो, म्हणून केस काळे केल्याने वय उतरत नाही. कमी बीएमआय हे अनेक वर्षांच्या जबर धूम्रपानाची, सीओपीडीची किंवा आत सुरू झालेल्या रोगाची खूण असू शकते आणि तेवढ्यापुरते ते उपयोगी आहे. त्यावरून वजन वाढवण्याचा सल्ला निघत नाही.

रोग झाल्यानंतरचा काळ हा आणखी वेगळा प्रश्न आहे आणि तो वरच्या प्रश्नात सर्रास मिसळला जातो. अटेझोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा जास्त बीएमआय असलेले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक काळ जगल्याचे दिसले होते. त्यामागे चरबीचा काही खरा परिणाम असेल, किंवा ज्यांचा आजार कमी आक्रमक त्यांचे वजन टिकून राहिले एवढेच असेल. ते काहीही असो, उपचार घेत असलेल्या रुग्णाचे वजन टिकवणे आणि निरोगी माणसाने वजन वाढू देणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. रुग्णाच्या बाबतीतले निरीक्षण निरोगी वाचकासाठी सल्ला म्हणून छापणे निव्वळ निष्काळजीपणाचे आहे.

हे सगळे इतक्या विस्ताराने मांडण्याचे कारण असे की या मजकुराने नुकसान होते, आणि ते नेमके कोणाचे होते हेही सांगता येते. २०२२ सालच्या अंदाजानुसार जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख माणसे त्याने दगावली. एवढे मृत्यू दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाने होत नाहीत. यातला सर्वांत मोठा टाळता येण्याजोगा भाग धूम्रपानाचा आहे, आणि धूम्रपान सोडू पाहणाऱ्याला अडवणाऱ्या भीतींपैकी एक भीती वजनाची असते. ती निराधारही नाही. सोडल्यानंतर वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते आणि त्यातील बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच वाढते, असे २०१२ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसले. सरासरीच्या आड माणसामाणसांतला फरकही मोठा होता: सुमारे १६ टक्के लोकांचे वजन उलट उतरले, तर सुमारे १३ टक्क्यांचे दहा किलोंहून अधिक वाढले. या माणसाला वजन आणि फुफ्फुस यांच्याविषयी काही सांगायचेच असेल, तर ते हे की सोडल्यानंतर १० ते १५ वर्षांत त्याचा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, आणि वाढलेल्या चार-पाच किलोंमुळे हा लाभ पुसला जात नाही. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात वजन बरेच वाढलेल्यांना काही वर्षे मधुमेहाचा धोका अधिक राहिला, तरीही धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे एकूण मृत्युप्रमाण कमीच होते.

त्याऐवजी त्याच्या हाती काय पडते? स्थूल असून धूम्रपान करणाऱ्याला वाटते की आपल्या चरबीने आपल्याला थोडी सूट मिळवून दिली आहे. सडपातळ असून धूम्रपान करणाऱ्याला वाटते की आपण निदान एक धोका तरी टाळला आहे. दोघेही सिगारेट चालू ठेवतात. आपल्या मजकुराने एखाद्याला धूम्रपान सुरू करायला लावले असा आरोप मी करत नाही, पण सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला थांबण्यासाठी फार मोठे निमित्त लागत नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

तिसरे नुकसान अधिक गंभीर आहे आणि त्याचा उल्लेख मला कोठेच आढळत नाही. प्रयत्न न करता वजन उतरणे हे अनेकांना वरदान वाटते, विशेषतः ज्याला वर्षानुवर्षे वजन कमी करण्याचा सल्ला दिला गेला आहे त्याला. आहारात किंवा हालचालीत काही बदल केला नसताना वजन उतरले आणि जोडीला खोकला, धाप, थकवा किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असले, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ असते. ब्रिटनमधील नाईस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या आणि आयुष्यात कधी ना कधी धूम्रपान केलेल्या व्यक्तीला अशा लक्षणांपैकी एक जरी असले आणि त्याचे कारण कळत नसले, तरी छातीचा तातडीचा एक्स-रे काढला जावा, आणि त्या लक्षणांच्या यादीत वजन घटणे व भूक कमी होणे यांचाही समावेश आहे. वजन आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्याविषयी सामान्य वाचकाला सर्वांत उपयोगी पडेल अशी माहिती कोणती, तर ही. पण बीएमआयच्या कोड्यावर लिहिलेल्या मजकुरात तिला एक ओळही मिळत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. अशा अभ्यासांच्या बातम्या देऊ नका असे मी म्हणत नाही. द्या, पण मथळ्यात बीएमआयचे नाव आले तर पहिल्या परिच्छेदात धूम्रपानाचे नाव यायला हवे. कधीही धूम्रपान न केलेल्या गटाचा आकडा मूळ निबंधात पुष्कळदा वेगळा दिलेला असतो. तो शोधून छापा, आणि निबंधात तो नसेल तर नाही असे बातमीत लिहा, कारण त्या आकड्याविना बाकीच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. वजन निदानाच्या किती आधी मोजले होते, आणि कंबरेचा घेर मोजला होता की नाही, याला एकेक वाक्य पुरेल. विद्यापीठांच्या आणि नियतकालिकांच्या प्रसिद्धीपत्रकांवर विसंबू नका, कारण त्यांतही आकर्षक अर्धा भागच वर असतो; मूळ निबंधातील मर्यादांचा परिच्छेद वाचणे हे त्याहून भरवशाचे. ‘धोका कमी होतो’ असे लिहिण्याऐवजी ‘या गटात रुग्ण कमी आढळले’ असे लिहिल्यास वाक्य थोडे निरस होईल, पण ते अभ्यासात जे दिसले तेवढेच सांगेल. आणि आधीच प्रसिद्ध झालेले असे लेख आपल्या संग्रहात असतील, तर त्यांच्या शिरोभागी कधीही धूम्रपान न केलेल्यांत हा संबंध दिसत नाही एवढी टीप जोडावी. जुना मजकूर नव्या बातमीपेक्षा अधिक काळ वाचला जातो आणि शोध घेणाऱ्या रुग्णाच्या हाती बहुधा तोच लागतो.

कळावे,

आपला,
आरोग्यविषयक आकडेवारीचा एक अभ्यासक